ज्यात कोणी मरत नाही असं पुस्तक

वेलांटीबाईंचं खरं नाव छापखान्याच्या हजेरीपुस्तकात तेवढं उरलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी एकाच टेबलाशी बसून प्रुफं तपासली. खिळे जुळवणाऱ्यांनी ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घातला की त्या प्रुफांचा गठ्ठा उचलून थेट जुळणीच्या खोलीत जायच्या आणि दारातूनच ओरडायच्या, "वेलांटी! पहिली की दुसरी, एकदाचं ठरवा!" तेव्हा जे नाव चिकटलं ते चिकटलंच.

शाळेची पुस्तकं, कायद्याचे अहवाल, औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर, कथा-कादंबऱ्या, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलं. चूक त्यांना शोधावी लागत नसे. पानावर नजर टाकली की चूकच हात वर करून उभी राहायची. दुकानांच्या पाट्या वाचत चालताना त्या दोनदा पायरी चुकून पडल्या होत्या. धाकटी बहीण म्हणायची, "ताई, जगाचं शुद्धलेखन नंतर सुधार, आधी पायाखाली बघ."

ही बहीण पोस्टात खिडकीवर बसायची. दोघींनीही लग्न केलं नाही. एकीचं जमलं नाही म्हणून, दुसरीने पहिलीकडे बघून. दोन खोल्यांत दोघींचं बरं चाललं होतं. बाई निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत त्यांच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर, मग अन्न समोर आलं तरी मळमळायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. बाईंनी रिपोर्ट मागून घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि एका ठिकाणी अनुस्वार राहिल्याचं दाखवलं. डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. बहीण मात्र तिथेच रडायला लागली.

तेव्हापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे बाईंचे राहिले नाहीत. सकाळी साडेसहाला डायलिसिस सेंटरच्या मागच्या खोलीत जायचं, हातात दोन जाड सुया टोचून घ्यायच्या आणि चार तास पडून राहायचं. रक्त नळीतून बाहेर जायचं, मशीनमध्ये धुतलं जायचं आणि दुसऱ्या नळीतून परत यायचं. खोलीत चार खाटा होत्या. खिडकी होती, पण तिच्यातून जनरेटरची पाठ दिसायची. एसी इतका कडक असायचा की भर उन्हाळ्यातही सगळे ब्लँकेटात.

बाईंच्या समोरच्या खाटेवर मास्तर असायचे. मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं शिलाईमशीन चालवलेला माणूस, आता उजव्या हाताला सुया. खोलीत शिरताना म्हणायचे, "चला, टाकलं लाँड्रीत." दाराजवळच्या खाटेवर ड्रायव्हरकाका. बस चालवायचे. बोलायचे कमी आणि सिस्टर सुई टोचत असली की छताकडे बघत राहायचे, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे. आणि बाईंच्या शेजारी छोटी.

छोटी सव्वीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली हातातली शीर अजून तयार झाली नव्हती, म्हणून तिच्या गळ्याजवळ नळी बसवलेली होती. त्यावर ती रोज वेगळ्या रंगाचा स्कार्फ बांधून यायची. आईचं मूत्रपिंड जुळलं नव्हतं. नाव प्रतीक्षायादीत होतं. "माझा नंबर एकशे बारावा," ती सांगायची. "दुकानात गिऱ्हाईक एवढं थांबलं असतं तर मी त्याला चहा दिला असता."

वाचन सुरू झालं ते बाईंच्या पुस्तकामुळे. एका हाताने धरलेलं पुस्तक पान उलटताना निसटलं आणि खाली पडलं. चौघांपैकी कुणालाच ते उचलता येईना. सिस्टर पुढच्या खोलीत होती. पंधरा मिनिटं चौघं त्या उताण्या पुस्तकाकडे बघत पडून राहिले. शेवटी छोटी म्हणाली, "बाई, मोठ्याने वाचत असता ना, तर निदान आम्हाला ते पडल्याचं दुःख तरी झालं असतं."

मग बाई मोठ्याने वाचायला लागल्या. आवाज चांगला होता, उच्चार तर खणखणीत. पहिलं पुस्तक संपलं आणि दुसरं कुठलं यावर जुंपली. मास्तरांना रहस्यकथा हवी होती, बाईंना नीट लिहिलेलं काहीही, आणि काकांचं म्हणणं होतं की वाचलं नाही तरी चालेल, मी झोपतो.

"भांडू नका, खेळू या," छोटी म्हणाली. "ज्याची पाळी त्याने अट घालायची. पुस्तकाचं नाव सांगायचं नाही, फक्त अट. कितीही वेडगळ चालेल. त्या अटीत बसणारं पुस्तक बाईंनी लायब्ररीतून शोधून आणायचं. आणि एका हातात मावलं पाहिजे."

पहिली अट तिचीच. मागच्या दहा वर्षांत कुणीही घरी नेलेलं नाही असं पुस्तक. बाईंनी लायब्ररीत दोन तास शिक्क्यांचे कागद तपासले आणि मधमाश्या पाळण्यावरचं एक पुस्तक आणलं. चौघांना ते इतकं आवडलं की मास्तर घरी जाऊन बायकोला राणीमाशीचे हाल सांगायला लागले. मास्तरांची अट होती, नावात कापड हवं. बाईंना नावात चादर असलेली एक कादंबरी सापडली. ती संपली तरी आत चादर कुठेच आली नाही. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "हे म्हणजे गिऱ्हाइकाचं माप घेऊन शर्टच न शिवण्यासारखं आहे." बाईंची स्वतःची अट अशी होती की पहिल्या पानावर एकही चूक नको. तेवढ्यासाठी त्यांना चौदा पुस्तकं परत ठेवावी लागली.

मग काकांची पाळी आली. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.

"ज्यात कोणी मरत नाही असं पुस्तक," ते म्हणाले.

"एवढंच?" छोटी म्हणाली. "सोपं आहे की."

"सोपं असेल तर आणा."

सोपं नव्हतं. मंगळवारी बाई लायब्ररीत गेल्या आणि कपाटांमागून कपाटं पालथी घातली. प्रेमकथेत नायिकेला क्षय व्हायचा. विनोदी पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात सासरा आटपायचा. प्रवासवर्णनात वाटाड्या दरीत पडायचा. मुलांच्या गोष्टींत तर आजी मेल्याशिवाय कुणाला शहाणपणच यायचं नाही. ग्रंथपाल वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही सरळ स्वयंपाकाचं पुस्तक न्या."

"त्यात कोंबडी मरते," बाई म्हणाल्या.

गुरुवारी त्या पुन्हा गेल्या. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी अंगात पिळून वाळत घातल्यासारखा थकवा असायचा, तरी गेल्या. खालच्या फळीवर एक पातळ कादंबरी हाती आली. एका जुन्या लॉजची गोष्ट. तोंडाळ मालकीण, तिचा आळशी जावई, आणि पाच नंबरच्या खोलीत दहा वर्षं मुक्काम ठोकलेला एक म्हातारा. तो रोज 'उद्या निघतो' म्हणायचा आणि रोज गरम पाण्यावरून मालकिणीशी भांडायचा. बाईंनी पहिली शंभर पानं झरझर चाळली. कुणी मेलं नव्हतं. शेवटचं पान बघितलं, त्यावर मालकीण आणि जावई खोलीला नवे पडदे लावत हसत होते. मधली पन्नास पानं राहिली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बाईंनी पुस्तक मिटलं आणि पिशवीत टाकलं. नोकरीत त्यांनी असं कधीच केलं नव्हतं.

पाच नंबरच्या म्हाताऱ्याने डायलिसिसची खोली जिंकली. काकासुद्धा जागे राहायला लागले. छोटी तर त्याची नक्कल करायची. सिस्टरने ब्लँकेट दिलं की म्हणायची, "मालकीणबाई, हे कोमट आहे, मी उद्या निघतो." दोन आठवडे असे गेले.

तिसऱ्या सोमवारी छोटी आली ती गप्प होती. स्कार्फ पिवळा होता. सिस्टरने नेहमीसारखा थर्मामीटर लावला, आकडा ठीक आला, मशीन सुरू झालं. बाईंनी पुस्तक उघडलं. म्हाताऱ्याने ट्रंक भरायला काढली होती आणि या वेळी मालकिणीने त्याला अडवलं नव्हतं. तिघं कान देऊन ऐकत होते.

तासाभराने बाईंनी पान उलटताना शेजारी बघितलं. छोटीने ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलं होतं आणि ते ब्लँकेट हलत होतं. आधी वाटलं ती हसते आहे. मग दिसलं की दात वाजताहेत आणि ती ओठ घट्ट मिटून ते थांबवू बघते आहे. बाई वाचता वाचता थांबल्या.

छोटीने मान हलवली. नको. मग हात ब्लँकेटबाहेर काढून बोटाने खूण केली. पुढे.

पुढच्या खोलीत कुठल्यातरी मशीनचा भोंगा वाजत होता आणि सिस्टर तिकडे धावली होती. हाक मारता आली असती. खाटेच्या कडेला घंटेचं बटण होतं, बाईंच्या मोकळ्या हातापासून वीतभर अंतरावर. पण त्या हातात पुस्तक होतं. बाईंनी मनाशी म्हटलं, एसीच आहे मेला. म्हटलं, हे प्रकरण संपू दे. आणि त्या पुढे वाचायला लागल्या.

वीस मिनिटांनी सिस्टर आली, तिने छोटीच्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा बदलला. डॉक्टर आले. मशीन थांबवलं, रक्त तपासायला घेतलं, चाकाची खुर्ची आणली. खुर्चीतून जाताना छोटीचे ओठ निळसर दिसत होते. दारात तिने मान वळवली. "मी नसताना पुढचं वाचायचं नाही हं," ती म्हणाली. "नाहीतर मी उद्याच निघेन."

बुधवारी तिची खाट रिकामी होती. पुस्तक कुणी काढलं नाही. शुक्रवारी त्या खाटेवर एक जाड मिशांचा माणूस पडलेला होता. कुलपं दुरुस्त करणारा, असं त्याच्या कागदावर लिहिलं होतं. चादर नवी होती.

"छोटी कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"तिची दुसऱ्या सेंटरला सोय झाली," सिस्टर चिकटपट्टी फाडत म्हणाली. "घराजवळ पडतं तिला."

"न सांगता गेली?"

"काका, हात सरळ ठेवा."

बाईंकडे छोटीचा फोन नंबर होता, पुस्तकांसाठी घेतलेला. शुक्रवारी दुपारी घरी आल्यावर त्यांनी तो लावला. तिच्या आईने उचलला. बाईंनी आपण कोण ते सांगितलं.

"काल दुपारी गेली ती," आई म्हणाली. "रक्तात जंतू पसरले होते. नळीतून."

बाईंनी खुर्ची ओढून घेतली.

"शनिवारपासून ताप होता," आई बोलत राहिली, सपाट आवाजात, कुणाला तरी पत्ता सांगावा तशी. "मला म्हणाली, सोमवार तेवढा जाऊ दे. ताप दिसला की वर वॉर्डात ॲडमिट करतील, मग वाचन चुकेल. सकाळी निघताना तापाची गोळी घेतली तिने, थर्मामीटरवर दिसू नये म्हणून. मला हे नंतर कळलं." मग ती थांबली. "बाई, तिथे कुणाला दिसलं नाही का हो? तिला थंडी वाजत असताना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आम्हाला काही कळलं नाही."

संध्याकाळी बहीण आली तेव्हा बाई त्याच जागी बसल्या होत्या. बाईंनी तिला सगळं सांगितलं. बहिणीने त्यांच्यासाठी अर्धा कप चहा मोजून ठेवला. त्याहून जास्त चालत नव्हता.

"ताई, तू काय डॉक्टर आहेस?" ती म्हणाली. "तू कशी ओळखणार होतीस?"

"ओळखलं होतं," बाई म्हणाल्या. "मी थांबले होते ना. मग परत सुरू केलं."

चहा निवला.

रविवारी बाईंनी पुस्तकाची राहिलेली पानं वाचली. अठराव्या प्रकरणात पाच नंबरचा म्हातारा मरत होता. एका ओळीत, फारसा गाजावाजा न करता. म्हातारा झोपेतच गेला होता, असं वाक्य होतं. बाई त्या वाक्याकडे बघत राहिल्या. मग पेन्सिल घेतली आणि 'झोपेतच' या शब्दावर आडवी रेघ मारली.

सोमवारी मास्तर म्हणाले, "ती तिकडे मजेत असेल, वाचा हो पुढे. तिला फोनवर सांगू." काकांनी मान डोलावली. बाईंनी वाचायला घेतलं. आवाज नेहमीसारखा लागत होता याचंच त्यांना नवल वाटलं. अठरावं प्रकरण आलं.

"सकाळी मालकिणीने पाच नंबरचं दार ढकललं," त्यांनी वाचलं. "म्हातारा गेला होता."

"गेला म्हणजे?" काकांनी विचारलं.

"गेला. निघून गेला. भावाकडे, गावी."

"तसं लिहिलंय?"

"पुढे येतं," बाई म्हणाल्या आणि घाईने पुढची ओळ वाचली. ती त्यांनी खोडली नव्हती. "त्याची ट्रंक खाटेखाली तशीच होती."

काका उठून बसायला गेले, नळी ताणली गेली आणि मशीनने भोंगा दिला. सिस्टर येऊन बघून गेली. ती जाईपर्यंत काका गप्प राहिले.

"बाई, मी तीस वर्षं बस चालवली," ते म्हणाले. "सामान टाकून कोण जातं ते मला माहीत आहे. म्हातारा गेला ना?"

"हो."

"आणि छोटी? ती पण अशीच गेली का, घराजवळच्या सेंटरला?"

मास्तर म्हणाले, "काका, असं अभद्र काय बोलता?" पण ते बाईंच्या तोंडाकडे बघत होते आणि बोलता बोलताच त्यांचा आवाज खाली आला.

"गुरुवारी," बाई म्हणाल्या. "दुपारी."

मग काका फाडकन म्हणाले, "आम्हाला सांगायचं नाही हे कुणी ठरवलं? आम्ही काय बोळ्याने दूध पितो?"

"कुणी मरत नाही असं पुस्तक तुम्हीच मागितलं होतंत."

"पुस्तक मागितलं होतं, बाई. पुस्तक."

तेव्हा बाईंनी उरलेलंही सांगितलं. गोळीचं, तापाचं, आणि ब्लँकेट हलताना आपण पाहिलं होतं, घंटा हाताशी होती आणि आपण वाचत राहिलो, ते. सांगताना त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

"मी पण पाहिलं होतं," काका म्हणाले. सगळा जोर गेला होता आवाजातला. "मला वाटलं, बाई शेजारी आहेत, त्या सांगतील."

मास्तरांनी मोकळ्या हाताने डोळे झाकले. "मी तिकडून तोंड फिरवलं," ते म्हणाले. "ट्रंक भरत होता ना तो. थांबू नये असं वाटलं मला. देवाशपथ, एवढंच वाटलं."

मिशांचा माणूस इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो वळला. "ही खाट तिची होती का?" त्याने विचारलं. त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

त्या आठवड्यात मास्तरांनी दुपारची पाळी मागून घेतली. जाताना बाईंना म्हणाले, "राग नाही हो माझा. पण इथे पडलो की मला तेच ऐकू येतं." त्यांच्या जागी कधी हा, कधी तो यायला लागला.

बाईंनी डॉक्टरांना विचारलं, वीस मिनिटांनी काही फरक पडला असता का. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण त्या दिवशी थांबले. "जंतू आधीच पसरले होते," ते म्हणाले. "नसता पडला. कदाचित."

हा शेवटचा शब्द बाईंच्या डोक्यातून जाईना. मंगळवारी त्या छोटीच्या घरी गेल्या. तिसरा मजला, जिना अरुंद, प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबावं लागलं. आईने दार उघडलं. ठेंगणी, केस करकचून बांधलेले. तिने बाईंना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

"तुम्ही फोनवर विचारलं होतंत, कुणाला दिसलं नाही का," बाई म्हणाल्या. "मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. मला दिसलं होतं. तिने खुणेने सांगितलं, पुढे वाचा. मी वाचलं."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

आई खिडकीशी गेली, तिथे वाळत घातलेला एक टॉवेल उगाच सरळ केला, पुन्हा वाकडा केला.

"डॉक्टर म्हणतात, फरक पडला नसता," बाई म्हणाल्या. "कदाचित."

"कदाचित," आई म्हणाली. ती वळली तेव्हा तिचा चेहरा ताठ होता. "मला दोन दिवस दिसत होतं, बाई. ती म्हणाली आणि मी ऐकलं. तुम्हाला वीस मिनिटांचं ओझं झालं म्हणून इथवर चढून आलात. मी कुणाच्या घरी जाऊ?"

बाई उठून तिच्याजवळ जायला निघाल्या. आईने हात पुढे करून त्यांना थांबवलं.

"तुम्ही खोटं बोलला होतात हे बरं होतं," ती म्हणाली. "मला वाटत होतं, ती तिथे हसत होती. आता जा तुम्ही."

बाई खाली उतरल्या. फाटकाबाहेर एका दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि चालण्याइतकं बळ येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. आपण गेलो ते तिच्यासाठी की स्वतःसाठी, याचा त्यांनी पुढे पुष्कळ विचार केला. उत्तर त्यांना आवडणारं नव्हतं.

चार आठवडे मागच्या खोलीत कुणी वाचलं नाही. बाई डोळे मिटून पडायच्या. काका छताकडे बघायचे. सिस्टरने एकदा टीव्ही लावून पाहिला, कुणी त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पाचव्या सोमवारी काकांनीच तोंड उघडलं.

"बाई, चार तास आहेत. आठवड्याला बारा. काय करायचं त्यांचं?"

"माझ्याच्याने वाचणं होणार नाही, काका."

"मग मी वाचू? मला जोडाक्षरं जमत नाहीत. दिवसाला एक पान होईल." ते थोडं थांबले. "तिच्यासाठी म्हणत नाही मी. तिला काही देणं राहिलेलं नाही आता आपलं. मला सहन होत नाही म्हणून म्हणतोय."

तेव्हा कुलूपवाल्याने विचारलं, "ते अटीचं काय होतं? सिस्टर म्हणत होत्या." काकांनी त्याला सांगितलं, तुटक तुटक, नियम काय, पाळी कशी, नाव का घ्यायचं नाही. मधमाश्यांचंही सांगितलं. कुलूपवाला ऐकत राहिला. त्याला रोज अर्धा लिटर पाणी आणि बिनमिठाचं जेवण, असं नुकतंच लिहून मिळालं होतं. तो त्याच रागात होता.

"मग माझी अट लिहा," तो म्हणाला. "ज्यात माणसं पोटभर जेवतात असं पुस्तक. हावरटासारखी. कोण मरतंय, कोण जगतंय, मला काही फरक पडत नाही."

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या खाटेकडे त्यांनी महिनाभरात पहिल्यांदाच नीट बघितलं.

गुरुवारी त्या लायब्ररीत गेल्या. एका मोठ्या कुटुंबाची कादंबरी मिळाली. या वेळी त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी तपासली, लायब्ररी बंद व्हायची वेळ होईपर्यंत. तिच्यात तिघं मरत होते. बाईंनी ते शुक्रवारी आधीच सांगून टाकलं. कोण, कितव्या प्रकरणात, सगळं. काका म्हणाले, "ठीक आहे."

मग बाईंनी सिस्टरला हाक मारली आणि सगळ्यांचा ताप बघायला सांगितला.

"आत्ताच तर बघितला, बाई."

"पुन्हा बघा. आणि कुणी गोळी घेऊन आलंय का ते विचारा."

सिस्टर काहीतरी पुटपुटली, पण तिने बघितला. काकांचा आकडा ठीक होता, बाईंचाही. दुपारच्या पाळीतून बदलून आलेल्या चौथ्या माणसाचाही. कुलूपवाल्याने थर्मामीटर तोंडात धरूनच हातवारे करून विचारलं, हे रोज चालणार का. बाई म्हणाल्या, हो, रोज.

मग त्यांनी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर अकरा माणसं जेवायला बसलेली होती आणि वाढणारी बाई कुणालाही नको म्हणू देत नव्हती. कुलूपवाल्याने डोळे मिटून घेतले.

"सावकाश वाचा," तो म्हणाला.